उपऱ्यांची काळी

नागझिऱ्याच्या भोवताली कुठल्याही जुन्या तळ्याच्या पाळीवर उभं राहा, एका नजरेत दोन मुलूख दिसतात. एका अंगाला पाणी आणि पाण्यापलीकडे डोंगराला टेकलेलं रान: साग, ऐन, बिजा, धावडा. दुसऱ्या अंगाला पाळीच्या पायथ्यापासून खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, धुऱ्यांनी आखलेल्या. मधली मातीची पाळ माणसाने घातलेली. तिच्यामुळे तिकडचं पाणी इकडच्या पिकाला मिळालं आणि रानाला गाव लागलं. ही पाळ घालणारी माणसं इथली नव्हती. झाडीपट्टीची शेती जवळजवळ सगळीच बाहेरून आलेल्यांनी उभी केली आहे. कोणी दोनतीनशे वर्षांपूर्वी आलं, कोणी साठ वर्षांपूर्वी. तरीही परक्या मातीत पहिलं बी टाकणाऱ्या कुटुंबाची मोठी मराठी कादंबरी इथून आलेली नाही. ती का आली नाही, जगात अशा कादंबऱ्या कशा लिहिल्या गेल्या आणि आपल्याकडे तिचं सामान कुठे कुठे पडून आहे, ते इथे एकत्र पाहायचं आहे.

सुरुवात विला कॅथरच्या ‘माय आंतोनिया’पासून करतो, कारण हा प्रश्न माझ्या मनात तिनेच घातला. कादंबरी 1918 ची. कॅथर जन्मली 1873 मध्ये व्हर्जिनियात. नऊ वर्षांची असताना घरच्यांबरोबर ती नेब्रास्काच्या गवताळ माळावर आली आणि रेड क्लाउड नावाच्या गावात वाढली. 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून कसणाऱ्याला 160 एकर जमीन मिळत होती. आगगाड्या भरभरून स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन, चेक कुटुंबं तिकडे येत होती. कादंबरीतलं शिमर्डा कुटुंब बोहेमियातून आलेलं आहे. भाषा येत नाही, आणि आपल्याच देशाच्या एका माणसाने जास्त पैसे घेऊन जमीन गळ्यात मारलेली. राहायला मातीत खणलेलं भुयारासारखं घर. बाप मायदेशी विणकाम करायचा, व्हायोलिन वाजवायचा. पहिल्याच हिवाळ्यात तो जीव देतो. थोरली मुलगी आंतोनिया नांगर धरते. पुढे ती गावात मोलकरीण होते, एका रेल्वेवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवून फसते, पोटात मूल घेऊन परत शेतावर येते. शेवटी एका साध्या चेक माणसाशी लग्न करून दहा-अकरा लेकरांची आई होते.

एवढ्या कथेत नवल काही नाही. नवल कॅथरच्या बघण्यात आहे. एक प्रसंग सांगतो. गोष्ट सांगणारा जिम तेव्हा दहा वर्षांचा. शेजारधर्म म्हणून त्याची आजी उपाशी शिमर्डांकडे खाण्याचं सामान घेऊन जाते. परतताना आंतोनियाची आई तिच्या हातावर एक लहानशी पुरचुंडी ठेवते. देण्यासारखी तिच्याकडे तेवढीच एक मौल्यवान वस्तू. आत तपकिरी, वाळक्या, उग्र वासाच्या चकत्या. घरी आल्यावर आजीला ते काय आहे ते कळत नाही आणि ती पुरचुंडी चुलीत जाते. जिम एक तुकडा कुरतडून पाहतो आणि ती चव जन्मभर विसरत नाही. बऱ्याच वर्षांनी त्याला कळतं, त्या बोहेमियाच्या दाट रानातल्या सुकवलेल्या अळंब्या होत्या. हे पान वाचताना मला दर वेळी वाटतं, ती पुरचुंडी इथल्या मंगेझरीच्या किंवा पिटेझरीच्या एखाद्या बाईच्या हाती पडली असती तर तिने नुसत्या वासावरून ओळखली असती. श्रावणात रानात सात्या, म्हणजे अळंब्याच, वेचणाऱ्या बाईला ते काय आहे ते सांगावं लागत नाही. माणूस गाव सोडून निघतो तेव्हा बरोबर काय घेतो आणि नव्या गावाला त्यातलं काय कळतं, हा स्थलांतराचा सगळा प्रश्न कॅथरने चहाच्या पेलाभर चकत्यांत मांडला आहे.

हा काळही पाहण्यासारखा आहे. कॅथरची स्वीडिश शेतकरीण अलेक्झांड्राची कादंबरी ‘ओ पायोनियर्स!’ 1913 ची. नॉर्वेत क्नूट हामसूनने ओसाड रानात एकट्याने शेत उभं करणाऱ्या इसाकची ‘मातीची वाढ’ 1917 मध्ये लिहिली आणि 1920 चं नोबेल त्याला मिळालं. त्याच सुमाराला इकडे त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 मध्ये आला, आणि 1916 मध्ये रसेल व हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड निघाले. त्या खंडांत आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातले कोहळी आणि पोवार आहेत. त्याच पाच-सहा वर्षांत तिकडे बाहेरून आलेल्या शेतकऱ्याची कादंबरी झाली, इकडे त्याची नोंद झाली.

‘गावगाडा’ आठवायचं कारण त्यातला एक भेद. आपल्या जुन्या महसुली व्यवहारात कसणाऱ्याच्या दोन जाती होत्या, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. दुष्काळात परागंदा झाला तरी परत येऊन हक्क सांगायचा. गावात त्याला मान, पाण्यात वाटा, देवळात जागा. उपरी बाहेरून आलेला. वर्षा-दोन वर्षांच्या बोलीवर कसणारा, वेळ आली की जाणारा. आत्र्यांच्या लेखी गाव म्हणजे काळी-पांढरीत, शेतजमिनीत आणि गावठाणात, रुजलेल्यांचं, आणि फिरस्त्यांकडे त्यांनी संशयानेच पाहिलं. आपली ग्रामीण कादंबरी मला याच नजरेची लेक वाटते. तिचा शेतकरी मुळात गावचाच असतो, आणि त्याचं दुःख गाव सुटण्याचं किंवा मोडण्याचं असतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) दुष्काळाने वाडी रिकामी होते तिथे संपते. आनंद यादवांच्या ‘गोतावळ्या’त (1971) ट्रॅक्टर येतो आणि नारबाचं जनावरांशी असलेलं नातं तुटतं. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त (1991) धरणाखाली गाव जातं. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (2002) शेतीच घर खाऊन टाकते. या चारही कादंबऱ्या मला प्रिय आहेत. चौघांनीही माणूस मातीतून उपटला जाताना दाखवला. परक्या मातीत माणूस रुजताना काय होतं ते मराठीत फार थोड्यांनी पाहिलं. उपऱ्याची बाजू लिहायची राहून गेली.

झाडीपट्टीत तर मिरासदार शोधूनही सापडत नाही. इथे कसणारे जवळजवळ सगळेच कधी ना कधी उपरे होते.

पहिले कोहळी. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे त्याने ही तळी बांधणारी माणसं पाहिली आणि आपल्या मुलखात आणली, अशी त्यांची कथा आहे. गोंड राजांचं धोरण त्या कथेला धरूनच होतं. रान तोडून गाव वसवील त्याला गाव, तळं बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, असं आजही सांगतात. अमेरिकेच्या काँग्रेसने 160 एकरांचा कायदा करण्याच्या कितीतरी आधी या खोऱ्यात जमिनीचं माप पाण्याने ठरत होतं. कोहळ्यांनी डोंगरांच्या खोबणी हेरल्या, दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घातली, खाली धान आणि ऊस केला. नवेगावबांध, सिवनीबांध ही गावांची नावंच पाळीवरून पडली. पूर्व विदर्भात अशी लहानमोठी सहा हजारांहून जास्त मालगुजारी तळी मोजली गेली आहेत, शेताशेतांतल्या बोड्या वेगळ्याच. त्या तळ्यांना शिसं-सिमेंट नाही, नकाशा नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं एवढं ज्ञान मात्र पिढ्यांचं.

नवेगावबांधचं तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं. भोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात आणि त्यांच्या कृपेने पाळ टिकली अशी श्रद्धा आहे. कोलू पाटील पुढे देव झाले. त्याच डोंगरांपैकी एकावर कोलासूर म्हणून त्यांचं ठाणं आहे. मला या दंतकथेत कादंबरीचा पहिला अध्याय दिसतो. देवीची कृपा लागली याचा अर्थ पाळ एका पावसात उभी राहिलेली नाही. ती फुटली असणार, पुन्हा घातली असणार, पुन्हा फुटली असणार. टोपल्यांनी माती वाहणाऱ्या बाया, हिवतापाने अंथरुणाला खिळलेली अर्धी टोळी, रात्री वाघाचा आवाज, आणि तरीही दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच जागी पहिली टोपली. शिमर्डांचा पहिला हिवाळा असाच होता.

दुसरे पोवार. माळव्यातून, धारेकडून आलो असं ते सांगतात. आधी रामटेकजवळच्या नगरधनला, मग वैनगंगेच्या दोन्ही तीरांना ते पसरले. भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत कामगिरी केली म्हणून जमिनी मिळाल्याची परंपरा आहे. तलवार घेऊन आलेले हे लोक धानाचे नामांकित शेतकरी झाले. तिरोडा, गोरेगाव, आमगाव हा त्यांचा पट्टा, आणि घरात अजून पोवारी बोलतात. तिच्यात माळव्याचं, बुंदेलखंडाचं आणि मराठीचं पाणी मिसळलेलं आहे. वाटेत जिथे जिथे मुक्काम पडला, तिथला शब्द त्या बोलीत राहून गेला. पोवारांचे इतिहास समाजाच्या माणसांनी कळकळीने लिहिले आहेत, पण ते बहुधा राजांच्या वंशावळीपासून सुरू होतात. ज्या कुटुंबाने माळव्याचा गहू सोडून पहिल्यांदा गुडघाभर चिखलात रोवणी केली, त्याला तेव्हा काय वाटलं हे त्या इतिहासांत शोधावं लागतं.

रोवणीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण इथल्या शेतीचा कणा ती आहे आणि ती बायांची आहे. पऱ्हे उपटून त्याच्या पेंढ्या बांधीत फेकतात. बाया ओळीने वाकतात आणि मागे मागे सरकत रोप लावतात, त्यामुळे आपलं केलेलं काम सतत डोळ्यांपुढे राहतं आणि उरलेलं पाठीमागे असतं. डोक्यावर पाऊस, पायांत चिखल, कंबर दिवसभर मोडलेली. बांधीत वाकलेल्या बायांची ती ओळ पाहिली की मला ‘माय आंतोनिया’तला, मावळत्या सूर्यापुढे उभा असलेला कॅथरचा नांगर आठवतो. तिचं ते चित्र जगभर गाजलं. आमच्या बांधीतलं चित्र कुणी काढलं तर तेही तसंच गाजेल, याबद्दल मला शंका नाही.

तिसरे आणि चौथे अगदी कालचे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांपैकी काहींना अर्जुनी मोरगाव तालुक्यात वसवलं गेलं. अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर ही गावं त्यांची. नद्यांच्या गाळात वाढलेली माणसं मुरमाड उतारावर आली. धान त्यांना माहीत होता, तळं माहीत होतं, मासा माहीत होता. माहीत नव्हती ती भाषा आणि कचेरी. पुनर्वसनात मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे विकायची तर परवानगी लागणार. बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडणाऱ्या नमःशूद्रांना महाराष्ट्रात ती सवलत नाही. मिरासदार आणि उपरी हा भेद कायद्यातून गेला म्हणतात. या गावांतला सातबारा पाहिला की तो कुठे गेला ते कळतं. त्याच तालुक्यात गोठणगावजवळ 1972 मध्ये तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत झाली. जव पिकवणाऱ्या थंड पठारावरचे लोक मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना भिडणाऱ्या मुलखात धान करू लागले आणि हिवाळ्यात गरम कपडे विकायला शहरोशहरी जाऊ लागले. एका तालुक्यात कोहळ्याचं तळं, गोंडाचं रान, बंगाल्याचं गाव आणि तिबेट्याचा गोम्पा. आंतोनियाच्या माळावर तरी याहून जास्त काय होतं?

मग आपल्याकडे काय लिहिलं गेलं? रानाबद्दल पुष्कळ, आणि उत्तम. माडगूळकरांचं ‘नागझिरा’ मराठीतलं रानावरचं एक लखलखीत पुस्तक आहे. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावला राहिले. ‘नवेगावबांधचे दिवस’ आणि इतर पुस्तकांतून त्यांनी तळं, पक्षी, गवतं आणि ही सगळी माहिती तोंडपाठ असलेली माणसं मराठीत आणली. किरण पुरंदरे यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं. या लेखकांचं ऋण मोठं आहे. पण त्यांची वाट पाळीवरून रानाकडे जाते. पाळीच्या खालच्या अंगाला, बांधीत उभ्या असलेल्या कुटुंबाकडे ती फार वळली नाही. ‘बनगरवाडी’ लिहिणारा माणूस नागझिऱ्यात येऊन राहिला होता, हे आठवलं की मला हळहळ वाटते. माडगूळकर जनावरं बघायला आले होते, ती त्यांनी जीव ओतून लिहिली; आमच्या गावांचं नशीब तेवढं थोडं पडलं.

रंगभूमी मात्र इथली स्वतःची आहे. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात, वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात आणि माणसं तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. जमिनीची भांडणं, भावबंदकी, दारू, हुंडा सगळं त्यात येतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली अभ्यासाचा आणि अभिमानाचा विषय केली. भाषा तयार आहे, प्रेक्षक तयार आहे. बांधी, धुरा, पऱ्हे, आवत्या, पुंजणे हे शब्द पुण्या-मुंबईच्या छापखान्याला परके वाटतील, या भीतीने आमच्या कितीतरी लिहित्या मुलांनी ते शब्द गाळून लिहिलं. परकेपणाचीच गोष्ट सांगायची तर ते शब्द आधी लागतील.

बाकीच्या भारतीय भाषांनी हे काम केलं आहे. एस. के. पोट्टेक्काट यांनी 1948 मध्ये मल्याळममध्ये ‘विषकन्यका’ लिहिली. त्रावणकोरचे ख्रिस्ती शेतकरी घरदार विकून मलबारच्या रानात जातात आणि हिवताप, रानडुकरं आणि पाऊस त्यांना कसे गिळतात, त्याची ती कादंबरी. तिच्याही आधी, 1939 मध्ये, विभूतिभूषण बंदोपाध्यायांचं ‘आरण्यक’ आलं. त्यातला सत्यचरण बिहारच्या रानात जमीनदाराचा व्यवस्थापक म्हणून येतो. त्याचं काम रान मोडून कुळं बसवण्याचं. रानावर त्याचा जीव जडतो आणि ते त्याच्याच सहीने संपतं. कुळांची गरिबी, त्यांची हाव आणि कष्ट तो प्रेमाने पाहतो. आणि त्याच रानात त्याला दोबरू पान्ना भेटतो, आदिवासींचा म्हातारा राजा. राज्य गेलेलं आहे, गुरं राखून दिवस काढतो आहे.

इथे ‘आरण्यक’ मला कॅथरच्या पुढे गेलेलं वाटतं. नेब्रास्काच्या माळावर आधी पॉनी लोक होते. 1870 च्या दशकात त्यांना ओक्लाहोमाकडे नेलं गेलं, कॅथरचं कुटुंब येण्याच्या जेमतेम आठ-दहा वर्षं आधी. ‘माय आंतोनिया’त ते जवळजवळ नाहीतच. फक्त एका ठिकाणी, पहिला विरळ बर्फ पडल्यावर गवतात एक मोठं वर्तुळ उमटतं. इथे इंडियन घोडे फिरवायचे, असं जिमच्या आजोबांना वाटतं. कादंबरी त्या वर्तुळाकडे क्षणभर पाहते आणि पुढे जाते. प्रतिभा एवढी मोठी, आणि नजर तिथून हलली. हे मला या पुस्तकाचं सगळ्यात मोठं उणेपण वाटतं.

आमच्या मुलखात ते वर्तुळ बर्फाची वाट बघत नाही. गोंड समोर आहे. राज्य त्याचं होतं, कोहळ्यांना सनद त्याने दिली. 1751 मध्ये चांदा भोसल्यांकडे गेलं, 1853 मध्ये नागपूर इंग्रजांकडे. इंग्रजांच्या बंदोबस्ताने मालगुजार मालक झाले, रान सरकारी झालं. मालगुजारीच्या काळात बेगार कुणी दिली, पाळीवर माती कुणी टाकली, हे विचारायचं तर उत्तर गोंड, हलबा, ढिवर आणि महार कुटुंबांकडे मिळेल. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. दरवर्षी गाळ काढणारा, पाळ बुजवणारा गाव त्यांच्यापासून तुटला. 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, 2013 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. वाघ राहिला पाहिजे, असं मी मनापासून म्हणतो. पण नवेगावच्या रानातून कवलेवाडा, कालीमाटी, झंकारगोंदी ही गावं उठून सौंदडजवळ श्रीरामपूरला आली, तेव्हा या खोऱ्यातला सगळ्यात जुना रहिवासी सगळ्यात नवा उपरी झाला. कोलू पाटलाच्या कादंबरीत पहिल्या पानावर गोंड राजा असेल तर शेवटच्या पानावर ही तीन गावं असावी लागतील. एकाला घेऊन दुसऱ्याला गाळता येणार नाही.

ही कादंबरी अवघड आहे. नेब्रास्काच्या माळावर झाड नव्हतं, तिथे माणसाने झाड लावलं की ती निर्मिती ठरली. संसार थकल्यावरही आंतोनिया रात्री पाणी वाहून फळझाडं जगवते आणि वाचकाचा ऊर भरून येतो. झाडीत नावातच झाडं. इथे शेत करायचं म्हणजे आधी झाड पाडायचं. इथल्या कसणाऱ्याचा पराक्रम आणि त्याने केलेलं नुकसान एकाच कुऱ्हाडीचं आहे, आणि तळं बांधून त्याने जे दिलं तेही खरं आहे. त्या पाण्यावर धान आला, ढिवरांची मासेमारी आली, सारसही आले. लेखकाला हे तिन्ही एका हाताने धरावं लागेल. त्यासाठी तो पाळीवरच राहणारा हवा. कदाचित अरुणनगरच्या एखाद्या घरातली मुलगी ते करील. तिच्या आजीची भाषा बंगाली, शाळेची मराठी, बाजाराची झाडी. उपरेपण तिला कुणी समजावून द्यायला नको.

शिमर्डा म्हाताऱ्याने आत्महत्या केली म्हणून कोणत्याच दफनभूमीत त्याला जागा मिळाली नाही. त्याला त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यात पुरलं, जिथे पुढे दोन रस्ते एकमेकांना छेदणार होते. रस्ते झाले, पण दोन्ही तिथे येऊन थोडे वळले. थडग्याभोवतीचं तांबूस गवत कुणी कापलं नाही, आणि सगळा माळ नांगरला गेल्यावरही जुन्या माळाचा तेवढा तुकडा राहिला. नवेगावच्या तळ्यावरून संध्याकाळी परतताना कोलासुराच्या डोंगराकडे बघून हात जोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांत कोहळी होते, गोंड होते, आणि सायकलवर मासळीची टोपली बांधलेला एक बंगाली म्हाताराही होता. त्याने पाय टेकवून सायकल थांबवली, कपाळाला हात लावला आणि तो गौरनगरच्या रस्त्याला लागला.